आपले राज्य, परराज्य आणि डॉक्टरकीची फी



व्याख्यानमालेचे चालक निमंत्रण घेऊन आले तेव्हा मी त्यांना प्रथम विचारले, की पत्ता चुकला तर नाही ना? या व्यासपीठावर प्राध्यापक येतात, संपादक येतात, निवृत्त न्यायाधीश येतात. माझे शाळेतले शिक्षण नववीपाशी थांबले. पुढे जे काही शिकलो ते सूतगिरणीच्या खात्यात, लेबर कोर्टाच्या ओसरीवर आणि आपल्या गावच्या वाचनालयात. चालक म्हणाले, "पगाराच्या करारावर नको, मुलांच्या फीवर बोला." मग मात्र मी हो म्हणालो. कारण युनियनच्या कचेरीत पूर्वी माणूस यायचा तो चार्जशीट घेऊन, नाही तर कामावरून कमी केल्याची नोटीस घेऊन. आता जुलै-ऑगस्ट उजाडला की तो फीचे कागद घेऊन येतो. टेबलावर ठेवतो आणि विचारतो, "अण्णा, पोरीचा नंबर बाहेरच्या राज्यात लागतोय. घेऊ का?"

या प्रश्नाचे उत्तर मी एकदा चुकीचे दिले आहे. ते आधी सांगतो, म्हणजे पुढचे बोलणे कोणत्या तोंडाने करतो आहे ते आपल्याला कळेल.

२००९ सालची गोष्ट. आमच्या युनियनमधले एक जॉबर, माझ्याहून वयाने थोडे वडील, मुलाचे कागद घेऊन आले. मुलगा हुशार होता, पण सरकारी महाविद्यालयाची यादी थोडक्यात हुकली होती. आपल्या राज्यातल्या एका खाजगी महाविद्यालयात जागा मिळत होती आणि परराज्यातल्या एका महाविद्यालयातही मिळत होती. परराज्यातली फी वर्षाला काही हजारांनी कमी होती. मी मोर्चाच्या एका हँडबिलाच्या पाठीवर दोन आकडे मांडले, वजाबाकी केली आणि म्हणालो, "बाहेरचे घ्या. फरकात पोराची पुस्तके निघतील." त्यांनी माझ्या शब्दावर दोन गुंठे जागा विकली.

मी मांडले होते फक्त शिक्षणशुल्क. वसतिगृह त्यात नव्हते. मेस नव्हती. परराज्यातून आलेल्या विद्यार्थ्याकडून विद्यापीठ घेते ती पात्रतेची फी नव्हती, परीक्षेची फी नव्हती, आणि "इतर" या एका शब्दाखाली दर वर्षी निघणारी मागणी तर नव्हतीच. आपल्याकडे राहिला असता तर मिळाली असती ती फीची सवलतही मी धरली नव्हती, कारण ती मला ठाऊकच नव्हती. तिसऱ्या वर्षी त्या गृहस्थांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि मिळालेली सगळी रक्कम महाविद्यालयात भरली. मुलगा डॉक्टर झाला, चांगला झाला. वडील पुढे कितीतरी वर्षे एका गोदामावर रात्रपाळीचे वॉचमन होते. भेटले की आपणहून चहा पाजतात आणि त्या हँडबिलाचा विषय कधी काढत नाहीत. त्यांनी एकदा तरी मला शिव्या घातल्या असत्या तर बरे झाले असते.

वेतनकरार वाचताना मी असे कधी केले नसते. मालकाने मूळ पगार पाचशेने वाढवला म्हणून आम्ही हुरळून जात नाही. महागाई भत्ता कशाशी जोडला, कपात किती, कामाचा बोजा किती वाढला, करार किती वर्षांचा, हे सगळे उलटून पाहतो आणि मग शेवटी हाती किती येणार ते विचारतो. आयुष्यभर इतरांना जे शिकवले ते मुलाच्या फीपाशी मी विसरलो. त्यानंतर मी या विषयाची कागदपत्रे वाचू लागलो, आणि एक प्रश्न मला सतावू लागला. देश एक, डॉक्टरकीची पदवी एक, मग राज्याची सीमा ओलांडली की फी का बदलते?

या प्रश्नाचा एक जुना दाखला इंदूरचा आहे. तिथल्या महात्मा गांधी स्मारक वैद्यकीय महाविद्यालयात १९५२ साली दिल्लीचा एक विद्यार्थी दाखल झाला. त्या वेळच्या मध्य भारत सरकारचा नियम असा, की जे मध्य भारताचे खरेखुरे रहिवासी त्यांना कॅपिटेशन फी नाही. बाहेरच्यांपैकी नामनिर्देशित विद्यार्थ्यांना १३०० रुपये आणि इतरांना १५०० रुपये. हा विद्यार्थी सर्वोच्च न्यायालयात गेला. त्याचे म्हणणे, जन्मस्थानावरून भेदभाव करण्यास घटनेची मनाई आहे. जानेवारी १९५५ मध्ये पाच न्यायमूर्तींपैकी चौघांनी त्याच्याविरुद्ध निकाल दिला. ते म्हणाले, जन्मस्थान वेगळे आणि निवास वेगळा. घटनेच्या पंधराव्या कलमात जन्मस्थानाचा उल्लेख आहे, निवासाचा नाही. शिवाय महाविद्यालय चालवण्याचा भार राज्य उचलते, तेव्हा आपल्या रहिवाशांना सवलत देणे गैर नाही. हीच मुले पुढे राज्यात राहून दवाखाने घालतील आणि लोकांच्या उपयोगी पडतील.

हा निकाल मी दोनदा वाचला. पहिल्यांदा वाचला तेव्हा राग आला. दिल्लीचा मुलगा काय परदेशी होता? दुसऱ्यांदा वाचला तेव्हा त्यातले मर्म लक्षात आले. राज्य जी सवलत देते ती कोणाच्या खिशातून? आपण काडेपेटी घेतो, चप्पल घेतो, त्यातून जाणाऱ्या कराच्या खिशातून. सरकारी महाविद्यालयातली स्वस्त जागा म्हणजे कोणाची मेहेरबानी नव्हे, ती आपल्याच पैशाची परतफेड आहे. म्हणून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी आता प्रथम हे विचारतो, की आपल्या राज्यात तुमचे जे देणे निघते ते तुम्ही पुरते मागून घेतले का? ते सोडून सीमेपलीकडे जाणे म्हणजे थकलेला पगार न घेता गिरणी बदलण्यासारखे आहे.

अमेरिकेत हा भेद उघडाउघड छापलेला असतो. तिथल्या राज्य सरकारांच्या वैद्यकीय विद्यालयांत रहिवाशाला एक फी आणि बाहेरच्याला दुसरी, बहुधा बरीच जास्त. टेक्ससमध्ये तर सरकारी वैद्यकीय विद्यालयांत शेकडा ९० विद्यार्थी राज्यातलेच हवेत असे बंधन आहे. आपल्याकडे तेच आहे, पण कोटा, फेरी, प्रवर्ग अशा शब्दांच्या आड.

आता जरा आपल्या शेजारी पाहू. आपले गाव सीमेला लागून. मणिपालचे खाजगी महाविद्यालय १९५३ चे, बेळगावचे १९६३ चे. महाराष्ट्रात विनाअनुदानित महाविद्यालयांना दार उघडले ते १९८३ साली, वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना. त्यापूर्वी आपल्या भागातले ज्यांना परवडे ते मुलाला घेऊन कर्नाटकात जात. "डोनेशन" हा शब्द आपल्या घरांत त्या वाटेने आला, असे जुने लोक सांगतात.

त्याच कर्नाटकात जून १९८९ मध्ये सरकारने खाजगी वैद्यकीय महाविद्यालयांसाठी फीचे तीन दर ठरवून दिले. सरकारी जागेवरच्या विद्यार्थ्याला वर्षाला २००० रुपये. कर्नाटकातल्या इतर विद्यार्थ्याला २५ हजार. कर्नाटकाबाहेरच्या भारतीय विद्यार्थ्याला ६० हजार. वर्ग तोच, शिक्षक तेच, शवविच्छेदनाचे टेबलही तेच. उत्तर प्रदेशातली मोहिनी जैन ही विद्यार्थिनी या तिसऱ्या दरापाशी अडली. वडिलांची ऐपत नव्हती, म्हणून तिला प्रवेश मिळाला नाही. ती सर्वोच्च न्यायालयात गेली आणि १९९२ साली न्यायालयाने सांगितले, की दोन हजारांच्या वर जे घेतले जाते ते दुसऱ्या नावाने घेतलेली कॅपिटेशन फीच आहे.

त्या निकालाचे पेढे फार दिवस पुरले नाहीत. पुढच्याच वर्षी, १९९३ मध्ये, मोफत जागा आणि पैशाच्या जागा अशी विभागणी न्यायालयानेच घालून दिली. २००२ साली अकरा न्यायमूर्तींनी तीही मोडली आणि खाजगी संस्थांना आपली फी ठरवण्याची बरीच मोकळीक दिली, नफेखोरी मात्र नको असे बजावून. २००३ च्या निकालाने राज्याराज्यांत निवृत्त न्यायाधीशांच्या फी-समित्या आल्या. त्याच निकालात आपल्या कामाचे एक वाक्य आहे: संस्थेने एका वेळी एकाच वर्षाची फी घ्यावी, साऱ्या अभ्यासक्रमाची आगाऊ मागू नये. कोणी मागितली तर हा निकाल दाखवा. आपल्या राज्यात २०१५ च्या कायद्याने शुल्क नियामक प्राधिकरण आहे आणि प्रत्येक खाजगी महाविद्यालयाची मंजूर फी ते जाहीर करते. अभिमत विद्यापीठांना हा कायदा लागू नाही, आणि तिथली वर्षाची फी वीस लाखांच्या वर गेलेली आपण पाहतोच. एवढा इतिहास पुरे.

आता दोन कागद शेजारी ठेवू या. पहिला प्रश्न, आपले मूल कोणत्या राज्याचे? आपण म्हणाल, हा काय प्रश्न झाला? पण महाराष्ट्राच्या शेकडा ८५ जागांसाठी नुसता अधिवासाचा दाखला पुरत नाही. काही अपवाद सोडले तर दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून उत्तीर्ण व्हावे लागते. अकरावीलाच मुलाला कोट्याला किंवा हैदराबादला पाठवून तिथूनच बारावी करवणारे पालक मी पाहिले आहेत. त्या मुलाने सोळाव्या वर्षीच आपल्या राज्याची हक्काची जागा घालवलेली असते, आणि घरात ते कळते अठराव्या वर्षी, अर्ज भरताना. उलट सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी मुलांसाठी महाराष्ट्राने सवलत ठेवली आहे. निपाणीकडचे आपले सोयरेधायरे असतील त्यांना हे आवर्जून सांगा.

दुसरी वाट अखिल भारतीय जागांची. १९८४ आणि १९८६ च्या न्यायालयीन निकालांतून देशभरच्या सरकारी महाविद्यालयांतल्या शेकडा १५ जागा सर्व राज्यांच्या मुलांना खुल्या झाल्या. परराज्यात जायचेच तर पैशाच्या दृष्टीने ही वाट चांगली, कारण बहुतेक ठिकाणी फी तिथल्या मुलांइतकीच पडते. एम्समध्ये जागा मिळाली तर हिशेबच करू नका; तिथली फी आजही हजारांत आहे, लाखांत नाही.

पण सरकारी जागेबरोबर बंधपत्र येते आणि ते कोणी वाचत नाही. महाराष्ट्रात सरकारी महाविद्यालयातून एम.बी.बी.एस. झालेल्याने एक वर्ष सेवा द्यायची. इतर राज्यांत हा काळ आणि दंडाची रक्कम निराळी. हरियाणाने २०२० साली सात वर्षांच्या नोकरीचे आणि चाळीस लाखांच्या घरातले बंधपत्र आणले. २०२२ च्या नोव्हेंबरात रोहतकचे विद्यार्थी त्याविरुद्ध रस्त्यावर बसले. शेवटी काळ पाच वर्षांवर आणि रक्कम तीस लाखांच्या आसपास आली. त्या मुलांनी संप चांगला लढवला, हे एक कार्यकर्ता म्हणून मी म्हणेन. परंतु इथून तिकडे मुलगा पाठवणाऱ्या बापाने कमी फीबरोबर हा कागदही वाचला पाहिजे. खेड्यात सेवा करण्याला माझा विरोध नाही. न वाचता सही करण्याला आहे.

तिसरी वाट परराज्यातल्या खाजगी महाविद्यालयाची, आणि आमच्या जॉबरची फसगत झाली ती याच वाटेवर. तिथल्या सरकारी दराच्या जागा तिथल्या मुलांसाठी राखलेल्या. बाहेरच्याला उरते ती खुली जागा, कितीतरी पट महाग. तरीही कधी कधी तिचा छापील दर आपल्या खाजगी महाविद्यालयापेक्षा कमी दिसतो. इथे सावध व्हा. समजा, आपल्याकडे शिक्षणशुल्क वर्षाला दहा लाख आहे आणि पलीकडे आठ. आपल्याकडे आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या, खुल्या प्रवर्गातल्या मुलाला राजर्षी शाहू शुल्क शिष्यवृत्तीतून शिक्षणशुल्काचा निम्मा भाग मिळतो. प्रवेश मात्र सरकारी फेरीतून झालेला हवा. म्हणजे दहाचे झाले पाच. मुलगी असेल, आर्थिक दुर्बल, मराठा किंवा इतर मागास वर्गातली असेल आणि उत्पन्न त्याच मर्यादेत असेल, तर ८ जुलै २०२४ च्या शासननिर्णयाने तिचे शिक्षणशुल्क आणि परीक्षाशुल्क पूर्ण माफ आहे. अभिमत आणि खाजगी विद्यापीठे यातून वगळली आहेत. सीमा ओलांडली की ही सवलत सुटते आणि आठाचे आठच राहतात. दहा हे आठापेक्षा स्वस्त कसे, हे गणित माझ्यासारख्या नववी शिकलेल्याला कळायला काही वर्षे लागली. सरकारकडून हे पैसे उशिरा येतात आणि तोवर महाविद्यालय पालकाचा पिच्छा पुरवते, ही तक्रार खरी आहे. तिच्यासाठी भांडावे लागेल. पण भांडायला निदान काही येणे तर असते.

मुलींचा विषय निघाला म्हणून एक बोलतो. मुलगा असला की जमीन विकायची तयारी असते, आणि मुलगी असली की "एवढा पैसा घालून उपयोग काय" हा सूर निघतो. आता ज्या घरात मुलीची फी माफ आहे त्या घरातही तो निघतो, तेव्हा प्रश्न पैशाचा नव्हता हे उघडे पडते.

फी माफ झाली म्हणजे सगळे झाले, असेही नाही. वसतिगृह आणि मेस उरतेच. हे शाहू महाराजांना शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कळले होते. १९०१ साली त्यांनी कोल्हापुरात मराठा बोर्डिंग काढले, कारण खेड्यातल्या मुलाला शाळेची फी अडवत नव्हती इतकी राहण्या-जेवणाची अडचण अडवत होती. आज पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्त्याची योजना आहे. पात्र असाल तर तिचाही अर्ज करा.

अंतराचेही तसेच. आपले राज्य म्हणजे जवळ आणि परराज्य म्हणजे लांब, हा आपला समज. कोल्हापूरहून महाराष्ट्र एक्सप्रेसमध्ये बसलेला मुलगा गोंदियाच्या सरकारी महाविद्यालयात पोचतो दुसऱ्या दिवशी. बेळगावला सकाळी निघालेला माणूस मुलाला भेटून रात्री जेवायला घरी. घरात आजारी म्हातारे असेल, मूल हळवे असेल, तर हाही हिशेबाचा भाग आहे. भाषेचाही. बेळगावच्या वॉर्डात मराठीवर निभावते. तिथून पुढे दक्षिणेला रोग्याचे दुखणे कन्नडातच ऐकावे लागते. वर्षभरात मुले शिकतात म्हणा. आमचा जॉबरचा मुलगा असाच एक परकी भाषा शिकला, आणि आज मराठीपेक्षा तीच बरी बोलतो.

आता कर्ज. "डॉक्टर झाल्यावर फेडेल की," असे सगळे म्हणतात. उदाहरणादाखल आकडे घेऊ. वर्षाला दहा लाख प्रमाणे साडेचार वर्षांचे पंचेचाळीस लाख, व्याज शेकडा दहा, सरळ. इंटर्नशिपचे एक वर्ष आणि त्यानंतर बँकेने दिलेली एक वर्षाची सवड धरली, तर हप्ता सुरू होण्याच्या दिवशी व्याज झालेले असते सव्वाएकवीस लाख. म्हणजे देणे सव्वासहासष्ट लाख. पंधरा वर्षांत फेडायचे तर महिन्याला सुमारे एकाहत्तर हजार. आणि हे ज्या वयात त्याला पुढे एम.डी.ची तयारी करायची असते त्या वयात. साडेसात लाखांच्या वर कर्ज मागितले की, काही नामवंत संस्थांचा अपवाद सोडला तर, बँक साधारणपणे तारण मागते, आणि आपल्याकडे तारण म्हणजे राहते घर.

मला कोणी विचारतात, "अण्णा, तुम्ही कामगाराच्या पोराला डॉक्टर होऊ नको म्हणता काय?" नाही. माझे म्हणणे इतकेच, की प्रवेशाच्या फेऱ्या सुरू होण्याआधी, डोके थंड असताना, नवरा-बायको आणि मूल अशा तिघांनी बसून एक आकडा ठरवावा: याच्यावर जाणार नाही. फेरी सुरू झाली की चोवीस तासांत पैसे भरा, नाही तर जागा गेली, असा निरोप येतो आणि त्या चोवीस तासांत माणूस काहीही विकतो. वाटाघाटीला बसण्यापूर्वी शेवटचा आकडा ठरवून खिशात ठेवलेला नसेल, तर मालक पहाटे तीन वाजता तुमच्याकडून पाहिजे ती सही घेतो. हे मी भोगलेले आहे. आणि ते मूल अठरा वर्षांचे असते, त्याला हिशेबाबाहेर ठेवू नका. आमच्या जॉबरनी जागा विकल्याचे मुलाला सांगितले नव्हते. त्याला ते चौथ्या वर्षी, सुटीवर आला तेव्हा, त्या जागेवर दुसऱ्याचे जोते दिसले म्हणून कळले.

निर्वाहनिधी आणि ग्रॅच्युइटी यांविषयी माझे मत कडक आहे, आणि युनियनमध्ये त्यावरून माझ्याशी भांडणारे आहेत. निधीतून मुलाच्या शिक्षणासाठी पैसे काढता येतात. जरूर काढा, पण सगळे नको. एक वर्ष थांबून पुन्हा नीटला बसणे, किंवा दुसरा अभ्यासक्रम घेणे, याची घरात लाज वाटून घेऊ नये. एक वर्ष थांबण्याचाही खर्च असतो, शिकवणीवाल्यांच्या जाहिरातींत तो दिसत नाही, तोही मांडावा. तरी तो साठीतल्या रात्रपाळीपेक्षा कमी पडतो.

निकाल लागल्यापासून शेवटची फेरी संपेपर्यंत दर रविवारी सकाळी दहा वाजता मी युनियनच्या कचेरीत बसतो. आमच्यात दोन माणसे अशी आहेत की ज्यांना महाडीबीटीचे अर्ज भरता येतात आणि बँकेचा कागद वाचता येतो. सभासद असण्याची अट नाही. येताना दोन्ही महाविद्यालयांचे पूर्ण फीपत्रक आणा, पहिल्या पानाची झेरॉक्स नको. बंधपत्राचा मसुदा, उत्पन्नाचा दाखला आणि मुलाची दहावी-बारावीची प्रमाणपत्रे आणा. मुलालाही बरोबर आणा. हिशेब आता हँडबिलाच्या पाठीवर करत नाही. त्यासाठी एक वही घातली आहे. तिच्या पहिल्या पानावर त्या २००९ सालच्या दोन आकड्यांची वजाबाकी मी पुन्हा लिहून ठेवली आहे, आणि तिच्याखाली आमच्या जॉबरनी स्वतः, माझ्या आग्रहाखातर, प्रत्यक्षात झालेला सगळा खर्च आपल्या अक्षरात मांडून दिला आहे. तो आकडा मी इथे सांगत नाही. कचेरीत या, तेच आता तिथे बसतात, ते दाखवतील.